खोकल्याची खूण

भिकाजी तांडेलाची पाठ म्हणजे त्या आठवड्यात देवळाची घंटा झाली होती. येईल तो वाजवून जाई. पांढऱ्या कोटातला एकेक डॉक्टर यायचा, डाव्या हाताचं बोट पाठीवर आडवं टेकवायचा, उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकायचा आणि चेहरा असा करायचा, की जणू आतून कुणी त्याला पत्ता सांगतंय. घंटेला निदान दुखत तरी नाही. भिकाजीच्या कातडीवर लाल चट्टे उठले होते.

“अजून किती... वाजवनार रं... बाबांनो?” तो विचारायचा.

एवढं वाक्यसुद्धा त्याला एका दमात येत नव्हतं. छातीच्या एका बाजूला पाणी भरलं होतं. होडीच्या ज्या म्होरक्याची हाक वेसाव्याच्या खाडीच्या ह्या काठावरून त्या काठावर जायची, तो आता दोन शब्द बोलून टोपलीतल्या माशासारखं तोंड उघडायचा आणि मिटायचा.

चंपा खाटेच्या पायथ्याशी डबा मांडीवर घेऊन बसायची. ती नववीत होती. सकाळी आईबरोबर बोंबील दोरीवर घालायचे, दुपारची शाळा बुडवायची आणि अंधेरीच्या हॉस्पिटलात येऊन बापाजवळ बसायचं, असं तिचं चाललं होतं. शाळेच्या निळ्या स्कर्टला बोंबलाचा वास यायचा. नर्स नाक मुरडायची. चंपा मुद्दाम तिच्या अंगावरून जायची.

पाठीत सुई घालून पाणी काढायचं, काम एवढंच होतं. मग काढत का नव्हते? तर डॉक्टरांची परीक्षा व्हायची होती! पाणी काढलं तर परीक्षेला पेशंट कुठून आणायचा? म्हणून भिकाजीचं पाणी भिकाजीतच ठेवलं होतं, सणासाठी कोंबडा राखून ठेवावा तसं.

ही सगळी सुलक्षणा मॅडमची करामत. मॅडम हॉस्पिटलात नव्याने आल्या होत्या. बुटक्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलणं असं की समोरच्याने न विचारता सरळ उभं राहावं. त्यांच्या आधीची पद्धत काय, तर एका डॉक्टरने सुई घालायची, दुसऱ्याने बघायचं, आणि पुढच्या पेशंटला त्या बघणाऱ्याने घालायची. बघणारा पाठीकडे बघत होता की नर्सकडे, कोण विचारतो? मॅडमनी ते बंद केलं. आधी परीक्षा घ्यायची, कुणाला काय येतं ते बघायचं. मग शिकवायचं. मग पुन्हा परीक्षा. पास होईल त्याच्याच हातात सुई. आणि ज्याने पाठीवर नेमकी जागा शोधली, त्यानेच त्या पेशंटचं पाणी काढायचं.

ऐकायला झकास होतं. चंपालाही आवडलं होतं, पहिली परीक्षा बघेपर्यंत.

मॅडमनी एक्स-रे काखेत मारला आणि डॉक्टरांना एकेक करून पुढे बोलावलं. पहिल्याने ठोकून ठोकून सांगितलं, पाणी उजवीकडे. ते डावीकडे होतं. दुसऱ्याने जागा दाखवली ती कमरेजवळ. तिसरी एक डॉक्टरीण होती, ती इंग्रजीत इतकं बोलली, की मॅडम म्हणाल्या, “आता हेच मराठीत सांगा, म्हणजे तुम्हालाही कळेल.” ती जी गप्प बसली, ती बसलीच.

मग डॉक्टर सहदेव कारखानीस पुढे आला. गोरागोमटा, इस्त्री अशी की कोटाच्या बाहीने भाजी चिरावी.

“सुई बरगडीच्या वरच्या कडेने घालायची, खालच्या कडेने नाही. का?” मॅडमनी विचारलं. “बरगडीच्या खाली काय असतं?”

कारखानीसने छताकडे बघितलं. छतावर पंखा होता.

“दुसरी बरगडी, मॅडम.”

चंपा एवढ्या मोठ्याने हसली की शेजारच्या खाटेवरचे दत्ताराम आजोबा जागे झाले.

“रक्तवाहिनी असते,” मॅडम म्हणाल्या. “ती फुटली तर पेशंटच्या छातीत पाण्याच्या जागी रक्त भरेल. चला, पुढचा.”

दुसरी बरगडी! आमच्या भूगोलाच्या बाई असत्या तर याला बाकावर उभा केला असता, चंपाच्या मनात आलं. आणि हे म्हणे डॉक्टर. यांच्या आया शेजारणींना सांगत असतील, आमचा सहदेव अगदी पुस्तकातला किडा हो. किडाच. पानं खाल्ली, अक्षरं तशीच सोडली.

तिने बापाकडे बघितलं. तोही हसेल असं तिला वाटलं होतं. पण भिकाजी त्या कारखानीसकडे कळवळून बघत होता.

“हात थरथरत... व्हता गो त्याचा,” तो म्हणाला. “पोर घाबरलाय.”

मॅडमनी मग शिकवलं. भिकाजीला उघडा बसवून त्यांनी स्वतः ठोकून दाखवलं. इथे आवाज पोकळ, इथे पोकळ, आणि इथे बघा, जड. इथे पाणी. त्यांचं बोट एका जागी थांबलं आणि तिथेच त्यांनी नखाने जराशी खूण केली. सगळ्या डॉक्टरांनी माना डोलावल्या. माना डोलवायला त्यांना भलतंच छान यायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखानीस मोसंब्यांची पिशवी घेऊन आला आणि चक्क खाटेवर बसला. वॉर्डात आजवर एकही कोटवाला खाटेवर बसला नव्हता. भिकाजी आक्रसून एका बाजूला झाला.

“कसं काय मामा?”

“हाय... चाललंय साहेब.”

“साहेब काय, मुलासारखा आहे मी.” त्याने आवाज खाली आणला. “मामा, एक विचारू? इतक्या जणांनी तुमच्या पाठीवर ठोकलंय. मॅडमचं बोट कुठे थांबलं ते तुम्हाला आतून कळतच असेल, ना?”

“कलतं की.”

“बास, मग. उद्या परीक्षेत माझं बोट त्या जागी आलं की नुसतं एकदा खोका. छातीच्या पेशंटचा खोकला, कुणाला काय संशय येतोय!”

“आणि अभ्यास करायला काय झालं?” चंपाने विचारलं.

कारखानीसने तिच्याकडे बघून हसल्यासारखं केलं. “ही मुलगी का तुमची? गोड आहे.”

“मी गोड नाही.”

“चंपा!” भिकाजीने डोळे वटारले.

“तसं नाही मामा, नापास झालो तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि दिवाळीत पार्ल्याला पप्पांच्या दवाखान्यावर माझी पाटी लागायचीय. उद्घाटनाच्या पत्रिकासुद्धा छापायला गेल्या.” त्याचा आवाज खरोखरच चिरकला. “ठोकल्यावर मला सगळे आवाज सारखेच येतात हो. कुणाला सांगू?”

चंपाला वाटलं, मॅडमला सांग ना, त्या शिकवायलाच बसल्यात. पण ते या मोसंबीवाल्याच्या डोक्यात येणार नव्हतं. न येणं कबूल करण्यापेक्षा दुसऱ्याच्या बापाच्या पाठीत सुई खुपसणं त्याला सोपं होतं.

तो गेल्यावर बापलेकीत जुंपली.

“तू खोकणार?”

“शब्द दिलाय.”

“कधी दिला? तू तर काहीच बोलला नाहीस.”

“मान... हलवली.” भिकाजीने दम घेतला. “माजे होरीवरचा खलाशी... पान्यात परला त मी दोर... टाकत नाय काय? कोनचा पोरगा... बुडाला नाय आजपतूर.”

“तो पाण्यात नाही पडला, बाबा. पाणी तुझ्यात आहे!”

भिकाजीने तोंड फिरवलं. तांडेलाने तोंड फिरवलं की बोलणं संपतं. खुणा करण्यात तर त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. होडीचं इंजिन धडधडत असताना तांडेलाचा शब्द कुणाला ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातानेच चालतं. मांडीवर थाप मारली की जाळं सोडायचं, पंजा हलवला की दोर ढिला करायचा, मूठ वळली की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं. इतकी वर्षं अडाणी खलाशांना खुणा केल्या, आता शिकलेल्या खलाशाला करायची. त्याला यात मोठेपणाच वाटत होता, हे चंपाला स्पष्ट दिसत होतं. आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

परीक्षा झाली. कारखानीसचं बोट पाठीवरून खाली सरकत आलं. ठक, ठक, ठक. भिकाजी खोकला. बोट थांबलं.

“इथे, मॅडम. इथून आवाज जड आहे.”

मॅडमनी स्वतः ठोकून बघितलं. “शाबास. आणि बरगडीच्या कुठल्या कडेने?”

“वरच्या, मॅडम. खाली रक्तवाहिनी असते.” तेवढं त्याने पाठ केलं होतं.

“सुधारलात. उद्या सकाळी यांचं पाणी तुम्हीच काढा. मी शेजारी असेन.” मग त्या वाकून भिकाजीशी बोलल्या. “मामा, नीट ऐका. उद्या बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि खोकायचं तर अजिबात नाही. सुई आत असताना खोकलात तर ती फुप्फुसाला लागेल. ठोकायला सुरुवात झाली की तेव्हापासूनच खोकला आवरून धरा.”

भिकाजीचं तोंड उघडंच राहिलं. कारखानीसचा चेहरा तर धुतलेल्या पापलेटासारखा पांढरा पडला. चंपाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. आता बोला, तिला म्हणावंसं वाटलं. दोघांपैकी एकाने तरी बोला! दोघेही हूं की चूं करेनात. एकाला पाटीची लाज, दुसऱ्याला शब्दाची.

सकाळी किनाऱ्यावर ऊन नुसतं चावत होतं. पावसाळा सरला की वेसाव्यात हे असंच ऊन पडतं, माणसाला तापदायक आणि बोंबलाला चांगलं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. चंपाची बोटं खाऱ्या पाण्याने फुटली होती. पलीकडे तिचा काका चंदू होडीतून उतरत होता. भिकाजी आजारी पडल्यापासून तोच तांडेल म्हणून मिरवत होता. वारा कुठून येतो, हे चंदूला विडी पेटवताना कळायचं, तेवढंच. आजही टोपल्या अर्ध्याच भरल्या होत्या.

“जालं नीट लागला नाय,” तो म्हणाला.

“जाळं रोज नीट लागत नाही, काका. तू तरी नीट लागतोस का?”

“मथुरावहिनी, पोरीचं त्वांड बघ!”

चंपाची आई मथुरा बोंबलांवरच वाकलेली होती. तिचे हात चालू होते. चंपाने तिला सगळं सांगितलं होतं, मोसंबी, खोकला, आजची सुई, सगळं.

“आये, मी मॅडमला सांगते.”

“नको गो बाय.” मथुराने एक जोडी दोरीवर टाकली. “आपला मानूस त्यांचे हाताखाली हाय. डाक्टरला राग आला त?”

“राग आला तर काय करील? अजून चुकीच्या जागी घालील?”

“तुजे बापाचा शब्द हाय तो. तांडेल बोलला ते दर्यानंपन ऐकलं पायजे.”

“दर्याने ऐकलं असतं तर बाबाच्या छातीत शिरला असता का?”

मथुराच्या हातातली जोडी सुटून वाळूत पडली. ती तिने उचलली, पदराने पुसली, आणि पुसता पुसता तोच पदर डोळ्यांना लावला. खारट हात, त्यात डोळे. चुरचुरले असणार.

“जा,” ती म्हणाली. “सांग नायतर नको सांगू. पन त्याचेजवल ऱ्हा.”

वॉर्डात भिकाजीला स्टुलावर बसवून समोरच्या टेबलावर उशी ठेवली होती. उशीवर हात टेकून तो ओणवा झाला होता. पाठ उघडी. पाठीचा एकेक मणका मोजून घ्यावा असा वर आलेला. हा माणूस एकटा होडीचा नांगर ओढायचा, चंपाला आठवलं, आणि आता स्टुलावरून घसरू नये म्हणून उशीला धरून बसलाय.

नातेवाइकांना पडद्याबाहेर काढलं. चंपा पडद्याच्या फटीशी उभी राहिली. फटीतून बापाचं तोंड दिसत होतं आणि मागे कारखानीसचे हातमोजे. मॅडम थोड्या बाजूला ट्रेवर औषध भरून घेत होत्या. बाकीचे डॉक्टर भिंतीला टेकून, लग्नात जेवणाची पंगत उठायची वाट बघावी तसे उभे होते.

कारखानीस ठोकू लागला. ठक. ठक. थांबला. पुन्हा वरून सुरू झाला. बोट त्या जागेवरून गेलं, खाली गेलं, परत वर आलं. तो वाट बघत होता. भिकाजीने ओठ दातांत घट्ट धरले होते. खोकला त्याच्या गळ्याशी येऊन बसला होता, गळ्याच्या शिरा टम्म फुगल्या होत्या.

“मामा,” कारखानीस अगदी हळू पुटपुटला. “मामा, हीच ना?”

भिकाजीने नाही म्हणायला मान हलवली की घाम झटकला, कळलं नाही. कारखानीसने आणखी खाली बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग मॅडमपुढे हात केला.

“द्या मॅडम. सापडली जागा.”

भिकाजीचे डोळे वर आले आणि फटीतून नेमके चंपाच्या डोळ्यांना भिडले. त्या डोळ्यांत भीती होती. लहान पोराची असते तशी उघडीवाघडी भीती. आणि त्याच वेळी उशीवरचा त्याचा हात हळूच मिटला आणि मूठ झाली.

तांडेलाची मूठ म्हणजे थांब. होडीवर ती मूठ कुणी मोडत नाही.

चंपा होडीवर नव्हती. तिने पडदा एवढ्या जोरात ओढला की वरच्या कड्या खळखळल्या.

“मॅडम, त्यांना काही येत नाही! ते खोकल्याची वाट बघतायत! काल माझ्या बाबाने खोकून जागा सांगितली होती!”

मग नर्स धावून आली. “ए मुली, बाहेर हो!”

“तिला राहू दे,” मॅडम म्हणाल्या. औषधाची सुई त्यांनी परत ट्रेत ठेवली. “कारखानीस, पेन घ्या. जिथे सुई घालणार होतात तिथे फुली मारा.”

“मॅडम, ही मुलगी काहीही...”

“फुली.”

त्याने मारली. मॅडमनी ठोकून आपली फुली मारली. दोन फुल्यांमध्ये चंपाचा अख्खा पंजा मावला असता.

“इथून सुई छातीत गेली नसती,” मॅडम म्हणाल्या. “पोटात गेली असती.”

भिंतीशी टेकलेले डॉक्टर फिसफिसून हसले.

“हसताय?” मॅडम वळल्या. “माझी फुली पुसते. काल पास झालेले सगळे पुढे या. पेशंटचं तोंड बंद आहे. मारा फुल्या.”

बघता बघता भिकाजीच्या पाठीवर फुल्याच फुल्या झाल्या. एक खांद्याच्या पात्याखाली, एक बगलेत, एक तर मणक्यावरच. जागेच्या जवळपास फक्त त्या इंग्रजीवाल्या डॉक्टरणीची. काल हे सगळे कसे पास झाले? एकाने पुढच्याचं बघितलं, एकाने पाठीवर राहिलेली मॅडमच्या नखाची खूण बघितली. विचारल्यावर सगळ्यांनी भडाभडा ओकलं. ह्या परीक्षेपेक्षा आमच्या शाळेतली सहामाही कडक, चंपाने मनात म्हटलं, तिथे निदान कॉपी करणाऱ्याला कॉपी तरी नीट करता येते.

मॅडमचा चेहरा उतरला. परीक्षा त्यांनी घेतली होती, शाबास त्यांनी म्हटलं होतं. सॉरी मात्र त्या म्हणाल्या नाहीत. ना भिकाजीला, ना चंपाला. मोठी माणसं चूक कळली की जास्त कामाला लागतात, पण ते दोन शब्द काही त्यांच्या तोंडून सुटत नाहीत.

“कोट काढा, कारखानीस,” त्या म्हणाल्या. “बाह्या वर करा. डोळे मिटा.”

त्यांनी त्याला आधी लाकडी टेबल ठोकायला लावलं. पोकळ कुठे, खाली पाय आहे तिथे कसं लागतं. मग अर्धं भरलेलं पाण्याचं पिंप, वरून खाली. मग स्वतःची मांडी. मग दत्ताराम आजोबांची धडधाकट बाजू, आजोबा म्हणाले, “अरे, मला हर्निया आहे, छाती कसली वाजवता?” मग भिकाजी. चुकलं की परत पिंपाकडे. कारखानीसच्या कपाळावरून घाम नाकावर आला आणि पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. भिकाजीला आडवं करून मध्ये पाणी पाजलं, पुन्हा बसवलं. चंपाला कळलं, आपण तोंड उघडलं म्हणून बापाची पाठ आज दुप्पट वाजतेय. तिने नजर मात्र खाली घातली नाही.

“इथे...” कारखानीस एकदम थांबला. डोळे मिटलेलेच. “मॅडम, इथे बदलला. खरंच बदलला. वर असा नव्हता.”

“परत.”

त्याने परत ठोकलं. “इथेच.”

मॅडमनी त्याचं मनगट धरलं. बधिर करायचं इंजेक्शन गेलं, मग मोठी सुई, बरगडीच्या वरच्या कडेवरून. भिकाजीने उशी दातांत धरली. आणि नळीतून पाणी आलं. पिवळसर, फिकट चहासारखं. बाटलीत ते चढत गेलं, चढत गेलं, आणि भिकाजीचे खांदे एकेक बोट खाली उतरत गेले.

कारखानीस त्या बाटलीकडे बघत राहिला. बावळटासारखा हसला. मग आठवण झाल्यासारखा रडवेला झाला, कारण मॅडमनी त्याला पास केलं नव्हतं. त्यालाच नव्हे, कुणालाच केलं नव्हतं. सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकायचं होतं.

व्हरांड्यात त्याने चंपाला गाठलं. “माझी दिवाळी घालवलीस तू.”

“माझ्या बाबाची राहिली ना,” चंपा म्हणाली. “आणि मोसंबी आंबट होती.”

घरी आल्यावर भिकाजी तिच्याशी बोलेना. मथुराशी बोले, चंदूशी बोले, अंगणात शिरणाऱ्या कुत्र्याशीसुद्धा बोले. चंपा समोर आली की भिंतीकडे बघे. भरपूर गोळ्या दिल्या होत्या आणि इतक्यात दर्यावर जायचं नाही असं बजावलं होतं. गोळ्या तो गिळायचा आणि सगळा राग चंपाच्या दिशेने थुंकायचा. वेसाव्यात बातमी पसरलीच होती, तांडेलाची मूठ पोरीने मोडली. चंदू तर नाक्यावर सांगत फिरत होता, जसं काही तो स्वतः पडद्यामागे होता.

एका सकाळी चंपा बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन वाळूतून येत होती. भिकाजी कुडाला टेकून बसला होता. पलीकडे चंदू होडी पाण्यात लोटत होता, दोर उलट्या बाजूने बांधून. भिकाजी उठला. आधी चंदूवर ओरडायला म्हणून तोंड उघडलं, आणि मध्येच त्याला चंपा दिसली.

“तू! तुजे मायला, जलमलीस तवाच मी बोललेलो, या पोरीची जीभ आधी बाहेर आली न् मग डोका! बापाचा शब्द डाक्टरांपुढं पायाखाली घातलास, सगल्या वेसाव्यात माजी मूठ दोन पैशाची केलीस, त्या पोराचा दवाखाना बुडवलास, आता उद्या लगीन होऊन गेलीस की नवऱ्याचा त्वांड पन पडदा सारून उघडं पारशील, कारटे, सटवे, मेलेल्या मांदेलीच्या डोल्याची...”

किनाऱ्यावरच्या बायका हातातले बोंबील तसेच धरून बघत राहिल्या. खाडीच्या पलीकडच्या काठावर जाळं विणणारा एक म्हातारा मान वर करून कोण ओरडतंय ते शोधू लागला. मथुरा दारात आली आणि तिथेच थांबली.

चंपा टोपली घेऊन ऐकत उभी राहिली. एवढं सगळं, आणि मध्ये कुठेही तोंड उघडून थांबला नाही. एकदाही नाही.

शेवटी तो गप्प झाला.

“संपलं?” चंपाने विचारलं.

“नाय संपलं!” बाप गरजला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.